नेम कच्चा, म्हणून खेळाडू कच्चा?

शालेय गटांच्या बास्केटबॉल निवड चाचण्यांमध्ये शूटिंगला, म्हणजे रिंगमध्ये बॉल टाकण्याच्या कसबाला, जे वजन दिले जाते, ते मला बरीच वर्षे खटकत आले आहे. नागपुरात मी पाहिलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या बहुतेक चाचण्या एकाच साच्यातून जातात: थोडी धावपळ, थोडे ड्रिबलिंग (बॉल आपटत पुढे नेणे), दहा शॉट आणि वेळ उरलाच तर पाच-सात मिनिटांचा सामना. यादी करायला बसल्यावर धावण्याबद्दल आणि ड्रिबलिंगबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे निघते, सामना कुणी नीट पाहिलेला नसतो आणि कागदावर आकडा म्हणून एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे दहापैकी किती पडले. आकडा समोर आला की वाद मिटतो, आणि तो लवकर मिटावा असे तासन्‌तास उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटत असते.

अशाच एका चाचणीत नुकतेच नववीतल्या एका मुलीचे नाव यादीतून गळाले. तिचे दहापैकी दोन पडले होते. "सर, पोट्टी पळते मस्त, पन पॉइंट कुठून येतील?" असे माझ्या शेजारी उभे असलेले एक जुने खेळाडू म्हणाले. प्रश्न रास्त होता. तरीही माझ्या मते त्या दिवशी मैदानावर असलेल्या मुलींमध्ये ती पहिल्या तिघींत बसत होती. असे का वाटते ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यासारखी मुले दरवर्षी अशीच मागे पडतात आणि पुढच्या वर्षी मैदानावर दिसत नाहीत.

आधी दहा शॉटचा हिशेब पाहू. समजा, एखादी खेळाडू दीर्घ काळात शंभरातले चाळीस शॉट घालते. तिला दहाच शॉट दिले, तर दोन किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता जवळपास 17 टक्के आहे, म्हणजे साधारण सहा चाचण्यांपैकी एकीत ती सपशेल नापास ठरेल. उलट शंभरात वीसच घालणारी खेळाडू दहापैकी चार किंवा अधिक घालून जाण्याची शक्यता 12 टक्क्यांच्या आसपास येते. हे गणित अकरावी-बारावीच्या पुस्तकातले आहे, आणि ते मान्य केले तर दहा शॉटच्या जोरावर कुणाला आत घेणे किंवा बाहेर काढणे हे बरेचसे नशिबावर सोडण्यासारखे आहे.

अर्थात त्या मुलीचा नेम खरोखरच कच्चा आहे. सकाळच्या सरावात मी तिला नेहमी पाहतो, त्यामुळे तो दिवस वाईट होता अशी सबब मी पुढे करणार नाही. मला विचारावासा वाटतो तो पुढचा प्रश्न: नेम कशामुळे कच्चा आहे, आणि ते कारण दूर होण्यासारखे आहे का?

तिचा शॉट कमरेपाशी सुरू होतो. बॉल उजव्या बरगडीशी धरून, गुडघे खूप वाकवून, ती तो दोन्ही हातांनी वर ढकलते. कोपर बाहेर जाते आणि सुटताना डावा अंगठा बॉलला हलकेच वळवतो. म्हणून शॉट सपाट जातो आणि बहुतेक वेळा रिंगच्या पुढच्या काठावर आपटतो. रिंगचा व्यास 45 सेंटीमीटर असतो आणि मुलींच्या 6 नंबरच्या बॉलचा सुमारे 23. बॉल 45 अंशांच्या कोनात खाली आला, तर त्याला सुमारे 32 सेंटीमीटरची वाट मिळते. तोच 30 अंशांत आला, तर ती वाट साडेबावीस सेंटीमीटरची होते, म्हणजे रिंगला न घासता तो आत जाऊच शकत नाही. सपाट शॉट मारणाऱ्या मुलाचा नेम अचूक असला, तरी त्याला चुकीला जागाच उरत नाही.

हा शॉट तिला कुणी शिकवला? माझे उत्तर असे की, मैदानाने. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर 2.60 मीटर उंचीची रिंग आणि 5 नंबरचा बॉल सुचवलेला आहे. आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टांवर खांब पक्के रोवलेले असतात आणि रिंग सगळ्यांसाठी 3.05 मीटरवरच असते. त्यात बॉल मोजके, त्यामुळे मुले आणि मुली एकत्र सराव करतात आणि सगळ्यांच्या हाती पुरुषांचा 7 नंबरचा बॉल येतो, ज्याचे वजन 600 ग्रॅमच्या आसपास भरते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने तो बॉल तेवढ्या उंचीवर पोचवायचा, तर कमरेपासून ढकलण्यावाचून तिला गत्यंतर नसते. मी एकदा तिला बॉल कपाळापाशी धरायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "सर, तिथून मारला तर रिंगपर्यंत पोचतच नाही नं." तिचे बरोबर होते. अंगात बळ नसतानाच्या वयात जी सवय लागली, ती बळ आल्यावरही टिकून राहिली आहे. अशी सवय मोडता येते. वेळ लागतो, कंटाळा येतो, मधल्या काळात असलेले शॉटही पडेनासे होतात, पण ती मोडते.

मोडायला अवघड असते ती वेगळीच उणीव: हातालाच जाण नसणे. काही मुलांचा शॉट दिसायला देखणा असतो, कोपर आत, मनगट छान वळलेले, पण बॉल बोर्डवर दगडासारखा आदळतो. म्हणून मी लांबचा शॉट बाजूला ठेवून जवळच्या गोष्टी पाहतो. ही मुलगी डाव्या बाजूने डाव्या हाताने ले-अपला (धावत रिंगजवळ जाऊन मारायच्या शॉटला) जाते, आणि वर पोचल्यावर बॉल फेकत नाही, बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला बोटांच्या टोकांनी टेकवून सोडते. वेग जास्त असेल तर अधिक हलका, आणि अंगावर कुणी आले तर किंचित उंच. धावत्या मुलीला दिलेला तिचा पास छातीच्या अर्धा हात पुढे पडतो, त्यामुळे घेणारीला थांबावे लागत नाही. दुसरी कसोटी फ्री थ्रोची, म्हणजे फाऊलनंतर ठरलेल्या रेषेवरून मिळणाऱ्या शॉटची. तिथे अंतर ठरलेले, समोर कुणी नाही, घाई नाही. त्यामुळे हाताची खरी ओळख होते. आपल्या त्या ओबडधोबड शॉटनेही ती दहापैकी सहाच्या आसपास फ्री थ्रो घालते, आणि चुकलेलेही सरळ रेषेत, आखूड पडतात. डावी-उजवीकडे जाणाऱ्या शॉटपेक्षा आखूड पडणारा शॉट मला फार आशादायक वाटतो.

फ्री थ्रोवर एवढा भर देण्याला आधार आहे. अमेरिकेत कॉलेजमधून एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, जाणाऱ्या खेळाडूंचे आकडे तपासणाऱ्यांना वारंवार असे दिसले आहे की, पुढे तीन गुणांचा शॉट (लांबच्या कमानीबाहेरून मारलेला) कोण घालेल हे ओळखायला कॉलेजमधल्या तीन गुणांच्या शॉटइतकाच, कित्येकदा त्याहून अधिक, फ्री थ्रोचा आकडा उपयोगी पडतो. कवाय लेनर्ड कॉलेजच्या दोन वर्षांत तीन गुणांचे चारपैकी तीन शॉट हुकवत असे, पण फ्री थ्रो चारपैकी जवळपास तीन घालत असे. 2011 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांनी करायच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तो 15 वा निवडला गेला, सॅन अँटोनियोच्या संघात शूटिंगचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी त्याच्यावर मेहनत घेतली, आणि पहिल्याच हंगामात त्याचे तीन गुणांचे शॉट 37 टक्क्यांहून अधिक पडले. 2014 मध्ये तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्केल फल्ट्झचे चित्र उलटे आहे: कॉलेजमध्ये तीन गुणांचे 41 टक्के, फ्री थ्रो मात्र 65 टक्के. 2017 मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याचा शॉट हरवला. त्याच्या खांद्याजवळच्या नसांच्या विकाराचे निदान पुढे झाले, त्यामुळे सगळा अर्थ फ्री थ्रोच्या आकड्यातून काढणे योग्य होणार नाही. पण तो आकडा तेव्हाही सर्वांसमोर होता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 2016 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू बेन सिमन्स याच्याकडे उंची, दृष्टी, पास, डिफेन्स सगळे होते, शॉट मात्र कधीच आला नाही. 2021 मध्ये अटलांटाविरुद्धच्या मालिकेतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात तो रिंगखाली जवळपास मोकळा असताना त्याने बॉल दुसऱ्याला दिला, तो क्षण पुष्कळांच्या लक्षात आहे. त्याच्यावरून मी एक गोष्ट कटाक्षाने पाहू लागलो: मुलगा शॉट टाळतो का? नेम कच्चा असलेली पण मोकळी असताना बिनधास्त मारणारी खेळाडू सुधारते, कारण ती चुकायला तयार असते. जिला मोकळी जागा दिसली की नजर खाली जाते, तिच्याबाबतीत मला अधिक काळजी वाटते. चाचणीत सलग चार चुकल्यावरही या मुलीने पाचवा तितक्याच मोकळेपणाने मारला होता. यादी करणाऱ्यांनी ते चार मोजले.

आणि सामन्यातली ती पाच मिनिटे! समोरच्या संघाच्या उंच मुलीकडे बॉल जाण्याआधीच ही विरुद्ध बाजूहून दोन पावले आत सरकलेली होती. पास निघाला तेव्हा तिचा हात त्याच्या वाटेत होता. हे तिने दोनदा केले. शूटिंगचा सराव करून घेता येतो, पण बॉल नसलेल्या बाजूला उभे राहून पुढचा पास ओळखणे या वयात ज्याला येते, त्याला ते बहुधा कुणी शिकवलेले नसते.

"पॉइंट कुठून येतील" या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मी असे देईन. शालेय सामन्यांत बहुतेक संघ दोन-तीनचा झोन लावतात (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपापली जागा राखायची), आणि बाहेरून न मारणाऱ्या खेळाडूला कोपऱ्यात उभे केले तर तिची राखणदार सरळ रिंगखाली जाऊन बसते. ही अडचण खरी आहे. मग तिला कोपऱ्यात ठेवूच नये. झोनच्या मधोमध, फ्री थ्रो रेषेपाशी तिच्या हाती बॉल द्यावा. तिथून रिंग चार-साडेचार मीटरवर असते, दोन्ही कोपरे दिसतात आणि पास ओळखणाऱ्या खेळाडूला त्या जागेवर सर्वाधिक वाव असतो.

सध्या आम्ही तिच्यासाठी 6 नंबरचा वेगळा बॉल राखून ठेवला आहे. सकाळी ऊन चढण्याआधी ती रिंगपासून दीड-दोन मीटरवर, एका हाताने, बॉल कपाळापाशी धरून मारते, आणि तो उंच जाऊन आत पडू लागल्याशिवाय एक पाऊलही मागे जायचे नाही असे ठरले आहे. तिच्या वडिलांनी विचारले होते, "सर, घरामागच्या मैदानावर रोज पाचशे शॉट मारून घेऊ का तिच्याकडून?" मी त्यांना सांगितले की, जुन्या पद्धतीचे पाचशे शॉट म्हणजे जुनी सवय पाचशे वेळा घट्ट करणे आहे, त्यापेक्षा सरावाच्या शेवटी, दमलेली असताना, तिचे वीस फ्री थ्रो वहीत लिहून ठेवा, किती पडले आणि चुकलेले कुठे गेले, आखूड की बाजूला. पुढच्या चाचणीच्या वेळी ती वही मी निवड करणाऱ्यांसमोर ठेवणार आहे, आणि दहा शॉटऐवजी वीस मिनिटांचा पूर्ण सामना घ्यावा अशी लेखी विनंतीही देणार आहे.