दाढीच्या नोंदी : आधी पाणी, मग साबण

मे अखेर, वाघोली

यंदा दाढीच्या साबणाची नवी डबी घ्यायची नाही असं ठरवलंय. कपाटात आहेत तेच साबण आळीपाळीने वापरायचे आणि खर्चाचा एकदाचा हिशेब लावायचा. मिचेल्स वूल फॅट या इंग्लिश साबणाची 125 ग्रॅमची वडी मी पहिल्यांदा घेतली तेव्हा हजाराच्या आत मिळाली होती. आता तीच अठराशेला पडते. अमेरिकेतल्या छोट्या कारागिरांच्या डब्यांचं तर विचारूच नका. वीस-बावीस डॉलरची डबी, जवळपास तेवढाच टपालखर्च, वर कस्टम ड्यूटी. दारात येईपर्यंत चार हजार. एवढ्या पैशात दाढी खरंच बरी होते, की झाकण उघडल्यावर येणाऱ्या वासाचंच बिल आपण भरतोय, हे बघायचंय.

चाचणीत इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची हीच वूल फॅट, एक अमेरिकन डबी (प्राण्यांच्या चरबीची, वास देवदार आणि धुपाचा) आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली नव्वद रुपयांची 125 ग्रॅमची ट्यूब. ब्रश एकच, सिंथेटिक. रेझरही एकच, ब्लेड सगळी एकाच पाकिटातली आणि तिसऱ्या दाढीनंतर बाद. वजनासाठी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेतलाय. साबण कोरडा असताना वजन, दाढी, मग पूर्ण वाळल्यावर पुन्हा वजन. सौ.ने पहिल्या दिवशी हे बघितलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

माझ्या हाताला वूल फॅट एका दाढीला साधारण 0.9 ग्रॅम लागते, अमेरिकन मऊ साबण 1.2 आणि ट्यूब दीड ग्रॅम. म्हणजे वूल फॅट तेरा रुपये दाढी, अमेरिकन डबी बेचाळीस, ट्यूब रुपया-सव्वा रुपया. ट्यूब जास्त लागते यात नवल नाही. तिच्या पाठीवरची यादी वाचा, पहिलं नाव पाण्याचं असतं. घट्ट वडीत पाणी कमी, त्यामुळे ‘डबी केवढ्याची’ हा प्रश्नच फसवा आहे; विचारायचं ते ‘दाढी केवढ्याला’. आमच्या चौकातल्या सलूनमध्ये साध्या दाढीचे ऐंशी रुपये घेतात, हेही आकडे वाचताना लक्षात असू द्या.

जून, टँकरचे दिवस

तेरा रुपयांची वडी हरतेय, आणि तीही रुपयावाल्या ट्यूबकडून.

सरळ हाताला वूल फॅटचा फेस ठीक असतो. उलट्या हाताला ब्रश फिरवला की गालावर चकाकणारं पाणी आणि त्यात विरळ बुडबुडे. हनुवटीखाली ब्लेड अडखळतं. आणखी साबण उचलला तरी फेस पाच मिनिटांत बसतो, आणि बोलच्या (फेस करायच्या वाटीच्या) कडेला राखाडी, बोटाला चिकट लागणारा थर राहतो. ट्यूबचा फेस मात्र तोंड धुवेपर्यंत जागेवर.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) 700 दाखवतो, पण त्यावरून पाणी जड आहे की नाही हे नक्की कळत नाही. त्यात साधं मीठही मोजलं जातं. म्हणून कठीणपणा मोजायच्या पट्ट्या मागवल्या. टँकरचं पाणी लिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर निघालं. भारतीय मानकात (आयएस 10500) पिण्याच्या पाण्यासाठी 200 ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट. म्हणजे प्यायला चालतंय, वूल फॅटला चालत नाही.

पाण्यातलं कॅल्शियम साबणातल्या स्टिअरेटला (मेदाम्लाच्या क्षाराला) धरतं आणि न विरघळणारा कॅल्शियम साबण तयार होतो. बोलच्या कडेचा थर तो हाच. ‘जड पाणी साबण खातं’ असं आपण म्हणतो, पण मी कागदावर मांडून बघितलं. एका दाढीच्या फेसात दहा-पंधरा मिलिलिटर पाणी जातं आणि त्यातलं कॅल्शियम साबणाचा जेमतेम तीन-चार टक्के भाग वाया घालवतं. तेवढ्याने फेस मरायला नको. खरा उपद्रव त्या बारीक कणांचा आहे: ते बुडबुड्याच्या पडद्यात शिरून तो फोडतात. म्हणूनच साबण वाढवत नेला तरी फार फरक पडत नाही.

ट्यूब टिकते याचं उत्तरही तिच्या पाठीवर आहे. यादीच्या शेवटाकडे डायसोडियम ईडीटीए. हा पदार्थ कॅल्शियमला आधीच पकडून ठेवतो. मोठ्या कारखान्यांचा माल कुठल्या गावात, कुठल्या नळाखाली वापरला जाईल हे सांगता येत नाही, त्यामुळे ते अशी सोय करूनच ठेवतात. ‘शुद्ध, मोजकेच घटक’ असं मिरवणाऱ्या कित्येक डब्यांत ती नसते. माझ्या अमेरिकन डबीतही नाही. बेचाळीस रुपयांना मिळालेला शुद्धपणा टँकरपुढे टिकला नाही.

जुलै, सावंतवाडीजवळ, गावी

जांभ्या दगडातली विहीर. पट्टीचा रंग जेमतेम बदलला.

तीच वडी, तोच ब्रश. ओल्या ब्रशने वडीवर वीस-पंचवीस फेरे मारले आणि फेस बोलमधून वर यायला लागला. घट्ट, दह्यासारखा, बुडबुडा म्हणून दिसत नाही. बोट फिरवलं तर रेघ तशीच राहते. सरळ हात, उलटा हात, वर हनुवटीखाली एक आडवा फेरा, तरी ब्रशमध्ये फेस उरला. ब्लेड नुसतं सरकत होतं. दाढी झाल्यावर गालाला लॅनोलिनचा तो मऊपणा आला, ज्यासाठी लोक ही वडी घेतात. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं आणि ब्रॅडफर्ड हे एकेकाळी लोकर व्यापाराचं मोठं केंद्र. तिथलं नळाचं पाणीही मऊ. लंडनचं पाणी मात्र खडूच्या थरांतून येणारं, जड. सेंट जेम्स, मेफेअर या लंडनच्याच भागांतल्या नामांकित दुकानांच्या क्रीम विकत घेताना हे डोक्यात ठेवायला हरकत नाही.

ट्यूबसुद्धा गावी सुधारली, पण थोडीच. अमेरिकन डबी वूल फॅटच्या बरोबरीला आली. पुढे गेली नाही.

श्रावण

परत वाघोलीत. आता साबण तेच, पाणी बदलून बघायचं.

गच्चीवर बादली ठेवून धरलेलं पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, पण ते चार महिन्यांचं. आरओचं पाणी जवळजवळ तितकंच चांगलं, आणि लागतं किती? ब्रश भिजवायला, फेसाला आणि तोंड ओलं करायला मिळून एक कप. शेवटी तोंड नळाखाली धुतलं तरी चालतं, फक्त त्यानंतर थोडं आरओचं पाणी फिरवलं तर तो चिकट थर राहत नाही. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणीही वापरून बघितलं. काम करतं, पण कॅन सांभाळत बसायचा कंटाळा येतो.

ढोकळ्याला घालतात ते लिंबूसत्व मगभर पाण्यात अगदी चिमूट टाकलं तर फरक जाणवतो. चिमटीचा अर्धा चमचा झाला की आम्लाने साबणच फुटतो, फेसाच्या जागी पांढऱ्या कण्या दिसतात आणि मेणबत्तीसारखा वास येतो. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी या फंदात पडू नये.

ब्रशचा मुद्दा राहिला. ब्रश रात्रीच्या नळाच्या पाण्याने ओला असेल तर सगळं मुसळ केरात. सिंथेटिक लवकर वाळतो, म्हणून तो बरा.

आरओच्या पाण्यात वूल फॅट गावच्या नव्वद टक्के तरी पोचली. खर्च शून्य.

घटस्थापना

आजपासून, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून, शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेव्हवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. नव्वदच्या ट्यूबवर दहा रुपये वाचतील. विलायती साबणांना या सवलतीने फार फरक पडणार नाही, कारण तिथली वाढ वेगळ्याच कारणांची आहे.

युरोने यंदा शंभरी ओलांडली. टपाल महागलं. इकडे कच्च्या पामतेलावरचं आयातशुल्क सप्टेंबर 2024 मध्ये उपकर धरून 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर गेलं आणि मे 2025 अखेर 16.5 वर उतरलं. साबणाच्या कारखान्यांना त्याची झळ लागते, कारण आपल्याकडचा साबण बहुतांशी पामवर उभा आहे. पण 125 ग्रॅमच्या वडीत मेदाम्लं आणि पोटॅशचा खर्च अठराशेच्या मानाने किरकोळच. महाग असतो तो चांगला सुगंध, थोड्या थोड्या प्रमाणात हाताने करायचं काम, डबी आणि मधला प्रवास.

न्यू जर्सीतला मावसभाऊ जर्मन आणि इटालियन साबण थेट युरोपातून मागवायचा आणि येताना दोन-चार आणायचा. 29 ऑगस्टपासून त्यांच्याकडची 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी बंद झाली. त्याचाही हात आखडलाय, त्यामुळे आमचा तो मार्गही गेला.

दिवाळीनंतर

आता मत द्यायला हरकत नाही.

पाणी सारखं ठेवलं तर दाढीच्या गुळगुळीतपणात ट्यूब आणि वूल फॅट यांत मला फरक सांगता येत नाही. संध्याकाळी खुंट तेवढेच. फरक ब्लेड फिरताना आहे: वूल फॅटवर एकाच जागी पुन्हा हात मारला, फेस निघून गेलेला असला तरी, ब्लेड सरकतं. ट्यूबवर ते ओरखडतं. माझ्यासारख्या मानेवर भोवरे असलेल्यांना याची किंमत आहे. तुरटी हा माझा साक्षीदार: ट्यूबच्या दिवशी मानेला झोंबते, वूल फॅटच्या दिवशी नाही. थंडी पडली की दाढीनंतरचा ताणही ट्यूबला जास्त जाणवतो.

म्हणून रुपयावरून तेरावर जाणं मला पटतं. तेरावरून बेचाळीसवर नाही. अमेरिकन डबीचा वास अप्रतिम आहे, न्हाणीघरात तासभर रेंगाळतो, आणि ज्याला तो आनंद हवा त्याने जरूर घ्यावी. पण मग तिला अत्तराच्या खात्यात टाका. ‘चरबीशिवाय ब्लेडला अशी घसरण येत नाही’ हा दाढीप्रेमींचा दावा मला पटला नाही. आईला चरबीचा साबण घरात रुचत नाही, तेव्हा मला हे कळून हवंच होतं. चरबीत स्टिअरिक ॲसिड असतं साधारण पाचवा हिस्सा. साबणवाले वरून वेगळं घालतातच, आणि ते पामचंही असू शकतं. टबॅक या जर्मन कंपनीने काही वर्षांपूर्वी आपल्या साबणातली चरबी काढून टाकली तेव्हा जगभरच्या दाढीप्रेमींनी केवढा आकांत केला होता! जुनी 125 ग्रॅमची वडी आणि नवी, दोन्ही एका मित्राकडे आहेत. मऊ पाण्यात, डोळे मिटून, मला कुठली कुठली ते ओळखता आलं नाही. त्याला आलं, असं तो म्हणतो. त्याच्याच घरी, त्याच्याच डब्या, तेव्हा फार वाद घातला नाही.

मधली फळी मात्र आपण उगाच दुर्लक्षितो. तुर्की आर्कोची 75 ग्रॅमची कांडी थेट गालावर घासायची, बोल लागत नाही, आणि दाढीला दोन-तीन रुपयांत काम होतं. वास लहानपणच्या धुलाई-साबणासारखा, ही अडचण आहे खरी. आणि ती चरबीवाली आहे.

डिसेंबर

वूल फॅट संपत आली. पुढची घ्यायची, की दुसरं काही?

इटलीतल्या मिलानच्या चेला या साबणाचा न्हाव्यांसाठीचा एक किलोचा ठोकळा मिळतो. मऊ, कडू बदामाच्या वासाचा, सुरीने कापता येतो. 150 ग्रॅमच्या लाल डबीशी तुलना केली तर ग्रॅममागे बराच स्वस्त पडतो, आणि टपाल एकदाच. पण एकट्याने किलोभर घेतला तर दोन-तीन वर्षं तोच वास. म्हणून वर्गणी काढायचा विचार आहे: पाच जण, प्रत्येकी 200 ग्रॅम, काटा माझा, कापायचं वाघोलीत. झाकणाचा डबा ज्याने त्याने आणायचा, स्टीलचा नको, प्लॅस्टिकचा किंवा काचेचा. यात चरबी आहे, हे आधीच सांगतो; माझा वाटा ऑफिसच्या खणात राहणार.

तिघे तयार आहेत, दोन जागा उरल्यात. येणाऱ्यांनी आपापल्या नळाच्या पाण्याची बाटली सोबत आणा, माझ्याकडे पट्ट्या शिल्लक आहेत. लातूर, जालना, यवतमाळकडचं कुणी असेल तर बोअरचं पाणी आणा, 600 च्या वर गेलेल्या पाण्यात चेला कशी वागते ते मला बघायचंय.