तुम्ही विचारलंत म्हणून: डायलिसिसला वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

"हॉस्पिटलची सॉफ्टवेअरं ढिगानं मिळतात की बाजारात, मग तू डायलिसिससाठी वेगळं काय करत बसलायस?" शाहूपुरीतल्या चहाच्या गाड्यापासून डॉक्टरांच्या केबिनपर्यंत सगळे हेच विचारतात. तर ऐका.

रेडिमेड सॉफ्टवेअर बहुतेक ओपीडी डोळ्यासमोर ठेवून केलेलं असतं, पेशंट आला, तक्रार लिहिली, गोळ्या दिल्या, बिल काढलं, विषय संपला. डायलिसिसवाला आठवड्यातनं दोन-तीनदा येतो, चार-चार तास मशीनला, तेही वर्षानुवर्षं, त्याची तक्रार दरवेळी काय लिहिणार? सिस्टरला हवं असतं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. समजा ते 58.5 आहे आणि आज काटा 61.2 दाखवतोय, म्हणजे साधारण 2.7 लिटर पाणी काढायचं (सलाईन जातं ते वेगळं धरायचं), चार तासांत तासाला 675 मिली. वजनाच्या किलोमागे ताशी 13 मिलीच्या वर गेलं की बीपी पडायची, पायात गोळे यायची भीती जास्त. शिवाय फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला हातात शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) कुठल्या हाताला आहे, कारण त्या हातावर बीपी घ्यायचं नसतं.

माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये हे सगळं होतं, पण तीन टॅबमध्ये विखुरलेलं, आणि मी लई खुशीत. आठवड्यानं सेंटरला गेलो तर प्रत्येक मशीनवर मायक्रोपोरची पट्टी चिकटवलेली, त्यावर पेननं "58.5 / 61.2 / डावा हात". माझा कॉम्प्युटर कोपऱ्यात, वर डबा ठेवलेला. राग आला, खरं सांगतो. मग पट्टीचाच फोटो काढला आणि पहिला स्क्रीन तसाच केला, दोन्ही आकडे मोठ्ठे, हात लाल अक्षरात, बाकी सगळं खाली.

वजनाच्या शेजारी "पायताण काढलं?" अशी टिकसुद्धा आहे. हसू नका, आपलं कापशी पायताण घालून काट्यावर उभं राहिलं तर तेवढं पाणी उगाच जास्त ओढलं जातं.

परवा गेलो तर एका मशीनवर परत पट्टी! वाचली तर "राधानगरी एसटी 5.15". त्या मशीनवरच्या पेशंट मामांना उशिरा मशीनला लावलं तर गाडी चुकते, हे माझ्या सॉफ्टवेअरला माहीतच नव्हतं. तो रकाना टाकतोय आता.