पेन्शनवर आलेला फौजी आणि मुंबईतली रात्रपाळी

मुंबईत बँकेच्या दारात, एटीएमच्या रोकडगाडीवर, टॉवरच्या गेटवर उभा असलेला माणूस पुष्कळदा माजी सैनिक असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कोकणातून भरती झालेला, सतरा-अठरा वर्षं नोकरी करून पस्तीस-चाळिशीत पेन्शनवर आलेला. घराचा हप्ता आणि मुलांची शिक्षणं डोक्यावर असतात, म्हणून ही दुसरी नोकरी. तिच्यात १२ तासांची रात्रपाळी सर्रास असते. युद्धाचा किंवा चकमकींचा आघात मनात घेऊन आलेल्या माणसाची सगळ्यात आधी झोप बिघडते, आणि नेमकी तीच आपण त्याच्याकडून पगार देऊन काढून घेतो. २६ जानेवारीला सोसायटीत शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो, तो जरूर व्हावा. पण त्याला खरा आधार लागतो तो रात्री, कागदपत्रांत आणि ड्युटीच्या वेळापत्रकात.

आघात म्हटलं की लोकांना १९९९चं कारगिल आठवतं. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या शांतिसेनेतले जवान फारसे कुणाला आठवत नाहीत. काश्मीर आणि ईशान्येत दहशतवादविरोधी कामात वर्षानुवर्षं काढलेले तर त्याहून कमी. या कामात आघाडी अशी नसते. स्फोटकं रस्त्याकडेच्या कचऱ्यात असू शकतात, गोळी कुठल्याही खिडकीतून येऊ शकते. शरीर हे शिकतं आणि तिथे ते शिकणं जीव वाचवतं. मुंबईत आल्यावर तेच शरीर अंधेरीच्या पुलावरच्या गर्दीत, लोकलच्या रॅकवर पडलेल्या बेवारस पिशवीपाशी, फुटपाथवरच्या पोत्यापाशी पुन्हा तयारीत उभं राहतं. हॉटेलात हा माणूस भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. खचाखच भरलेली फास्ट सोडून पुढच्या स्लोची वाट बघतो. घरचे त्याला विक्षिप्त म्हणतात.

आघातानंतर जडणाऱ्या या मानसिक आजाराचं, पीटीएसडीचं, निदान करताना डॉक्टर चार गोष्टी बघतात. नको असताना परत येणाऱ्या आठवणी आणि दुःस्वप्नं. त्या आठवणी जागवणाऱ्या जागा, माणसं, विषय टाळणं. मन बधिर होणं, स्वतःला दोष देणं. आणि सतत सावध राहणं, दचकणं, भडकणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि त्यामुळे घर किंवा काम विस्कटलं, तर तो आजार. काही जणांत तो घटनेनंतर सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा पुरता उघड होतो. फौजेत दिवस आखलेला असतो, सोबती असतात. पेन्शनवर आल्यावर ती चौकट सुटते आणि तेव्हा दिसू लागतं. स्फोटाच्या जवळ होता अशा माणसाची कानाची तपासणी करून घ्या आणि डोक्याला मार लागल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोकेदुखी, कानातला आवाज, विसरभोळेपणा आणि चिडचिड मेंदूला बसलेल्या धक्क्यानेही येते.

भीतीशिवाय दुसरीही एक जखम असते, अपराधीपणाची. सोबती गेला, मी वाचलो. किंवा हातून असं काही घडलं, जे स्वतःच्याच नजरेत बसत नाही. अशा माणसाला ‘अहो, तुम्ही देशासाठीच केलंत’ असं म्हणालात की बोलणं तिथेच संपतं. चांगल्या मनाने म्हटलेलं असलं तरी संपतंच. ऐकून घ्या, निवाडा देऊ नका. आणि ‘किती मारले?’ हा प्रश्न कुणीही, कधीही विचारू नये. लहान मुलांनाही हे सांगून ठेवावं.

आता घराचं बघू. दहा बाय बाराच्या खोलीत सगळं कुटुंब ओळीने जमिनीवर झोपतं. दुःस्वप्नात हात-पाय झाडणाऱ्या माणसाच्या शेजारी लहान मूल असू नये. त्याला भिंतीच्या कडेला जागा द्या आणि मधे मोठं माणूस ठेवा. तो ओरडत उठत असेल तर खांदा धरून हलवू नका, अर्ध्या झोपेत तो हल्ला समजून झटापट करेल. पायांच्या बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं, दिवा लावायचा, नावाने हाक मारायची आणि साध्या आवाजात जागा सांगायची: ‘अहो, आपण घरी आहोत, परळला.’ पूर्ण जागा झाला की पाणी द्या. स्वप्नात काय दिसलं ते रात्री विचारू नका. दिवसा, डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याच स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज दहा-वीस मिनिटं तो नवा शेवट मनात घोळवायचा, या सरावाने पुष्कळांची दुःस्वप्नं कमी होतात.

दारूबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इथे जीव जातात. कॅन्टीनच्या कोट्यातली रम झोपेसाठी सुरू होते. ती झोप लवकर आणते, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते आणि स्वप्नं जोरात परततात. मग प्रमाण वाढतं. घरच्यांची सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली एका दिवसात बंद करणं. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम, थरथर, ताप होऊन जिवावर बेतू शकतं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन. ओळखीच्या केमिस्टकडून आणलेल्या अल्प्रॅझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या, मन शांत करून झोप आणणाऱ्या गोळ्याही तितक्याच वाईट. पीटीएसडीसाठी त्यांचा उपयोग नाही, सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. मात्र त्या रोज चालू असतील तर त्याही एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

उपचार आहेत आणि ते चालतात. सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिनसारखी औषधं लागू पडायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे खूप असतात. बोलून करायच्या उपचारांत आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची पद्धत आहे, साधारण ८ ते १५ बैठका, आठवड्याला एक, बहुतेकदा दीड तासाची. विचारांच्या गाठी सोडवण्याची पद्धत साधारण १२ बैठकांची. अपराधीपणा जास्त असेल तिथे हिचा विचार जरूर व्हावा. सुरुवातीच्या काही बैठकांत आठवण उघडते आणि काही जणांची स्वप्नं थोडे दिवस वाढतात. माणूस तिथेच पळतो. घरच्यांना हे आधी माहीत असलं तर ते म्हणू शकतात, ‘डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून दोनदा जाऊन बघू.’

वाट अशी: ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन तिच्या जवळच्या पॉलिक्लिनिकला जायचं, तिथले वैद्यकीय अधिकारी मानसोपचारासाठी रेफरल देतात, योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात किंवा कुलाब्याच्या अश्विनीसारख्या सैनिकी रुग्णालयात. सोबत डिस्चार्ज बुक, जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं न्यायची. ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळून परत यायची वेळ येते. स्वप्नं, दचकणं, राग, दारू हे आठवड्यातून किती वेळा ते घरी कागदावर लिहून न्या. तातडीच्या वेळी रेफरलसाठी थांबायचं नाही. यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलतात.

कागदांचा घोळ नोकरीतच सुरू होतो. फौजेत तब्येतीची ‘शेप’ श्रेणी असते आणि तिच्यातला पहिलाच घटक मनाचा. तो खाली गेला की बढती, पोस्टिंग, हत्यार, सगळ्यावर परिणाम, म्हणून जवान लपवतो. नोकरीतून सुटताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डासमोरही ‘सब ठीक है साहब’ म्हणतो, कारण घरी जायची घाई असते. नोंद नसते, म्हणून पुढे डिसेबिलिटी पेन्शनचा दावा अडतो. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याला ते मिळायला आजार सेवेमुळे झालेला किंवा सेवेने बळावलेला असावा लागतो आणि अपंगत्व किमान २० टक्के ठरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा. २०२३च्या सप्टेंबरात पात्रतेचे नियम बदलले; त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच नियम लागू आहेत. नकाराचं पत्र आलं की ते फेकू नका, लिफाफ्यासकट ठेवा, तारखेवरून अपिलाची मुदत मोजली जाते. पुढची पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. अर्ज लिहायला मदत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. मुंबई शहर आणि उपनगर यांची कार्यालयं वेगळी आहेत.

बंदुकीचा विषय घरात काढायला लोक घाबरतात. स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीवर ड्युटी करणारे बरेच जण आहेत. ‘माझ्यामागे घरच्यांना पेन्शन मिळेल’ अशी भाषा सुरू झाली, सगळे हिशेब अचानक मिटवायला लागला, तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मग बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे तात्पुरती जमा करा. निवडणुकीच्या काळात बऱ्याच परवानाधारकांना ती जमा करावी लागते, पद्धत ओळखीची आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करत नाहीत. तेव्हा प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका.

सोसायट्यांच्या कमिट्यांना दोन विनंत्या. दिवाळीत फटाक्यांची जागा आणि वेळ ठरवून आठवडाभर आधी नोटीस लावा; अचानक जिन्यात फुटलेल्या सुतळी बॉम्बचा त्रास ठरल्या वेळी मैदानात वाजणाऱ्या माळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. गेटवरच्या फौजीकाकांना त्या चार रात्री आतल्या बाजूची ड्युटी घ्यायची का, ते त्यांनाच विचारा. दुसरी विनंती सुरक्षा एजन्सीसाठीही आहे. उपचार चालू असलेल्या माणसाला तीन महिने दिवसपाळी आणि आठवड्याचा एक ठरलेला मोकळा वार द्या. बैठका त्याच वारी ठेवता येतात आणि फिरत्या सुट्टीमुळे त्या चुकत नाहीत. कारण विचारू नका. ‘डॉक्टरांची तारीख’ एवढंच रजिस्टरला लिहा आणि त्या दिवशीचा बदली गार्ड आधीच ठरवून ठेवा.