दिवा बंद केल्यावर खिडकीही लावा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. शाळेच्या ज्या प्रयोगशाळेत आम्ही सूक्ष्मदर्शकाला पहिल्यांदा डोळा लावला, तिथे आज शिकणाऱ्यांसाठी मी एक प्रयोग लिहून ठेवतो: अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवलेल्या जीवाणूंपैकी किती जगतात ते मोजण्याचा. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र घ्याल तेव्हा तो समोर येईल, आणि बहुतेकांचा तो एकाच जागी फसतो.

ई. कोलाय के-१२ (प्रयोगशाळेत वापरला जाणारा जीवाणू) रात्रभर वाढवा, सेंट्रिफ्यूज करा (वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवा) आणि पेशी ०.८५ टक्के सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, मिसळा. ब्रॉथमध्ये, म्हणजे त्या वाढवल्या त्या पोषक द्रवात, ठेवल्या तर २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण ब्रॉथच शोषून घेतो. सस्पेन्शन (पेशी मिसळलेलं सलाइन) गढूळ नको, कारण वरच्या पेशी खालच्यांना आडोसा देतात. १० मिली पेट्री डिशमध्ये पातळ पसरा, झाकण काढा (काच आणि प्लास्टिक दोन्ही हे किरण अडवतात) आणि डिश हलवत राहा. दिवा आधी १५-२० मिनिटे चालू ठेवा, नाहीतर त्याची तीव्रता स्थिर नसते. १०, २०, ४०, ६० सेकंदांनी नमुने काढून दहापट-दहापट विरळ करा, ०.१ मिली प्लेटवर पसरा. ३० ते ३०० वसाहती (जगलेल्या पेशींपासून वाढलेले ठिपके) असलेली प्लेटच मोजा.

फसतं ते यानंतर. नमुन्यांच्या नळ्या खिडकीपाशी राहतात आणि आकडे दर वेळी वेगळे येतात. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत अल्बर्ट केल्नर या शास्त्रज्ञांनाही स्ट्रेप्टोमायसीस या जीवाणूच्या बीजाणूंचे आकडे असेच छळत होते. आधी तापमानाचा संशय आला. खरं कारण होतं उजेड: किरणांनी इजा झालेल्या पेशी उजेडात सावरत होत्या. १९४९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

अतिनील किरणांनी डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज हे एन्झाइम निळ्या उजेडाच्या ऊर्जेवर तो जोड जागच्या जागी सोडवतं. अंधारात यूव्हीआर-ए, बी, सी ही प्रथिनं १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा तुकडाच कापून काढतात, मग पॉलिमरेज-१ हे एन्झाइम खड्डा भरतं, लायगेज हे दुसरं एन्झाइम टाका घालतं. फारच इजा झाली तर पेशीची एसओएस ही आणीबाणीची यंत्रणा जागी होते. तिचं पॉलिमरेज-५ इजेवरून कसंबसं पुढे सरकतं, पण चुका करत. म्हणून वाचलेल्यांत उत्परिवर्तनं जास्त दिसतात.

म्हणून किरण दिल्यापासून सगळं काम मंद पिवळ्या किंवा लाल उजेडात करा. अर्ध्या प्लेट लगेच अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, अर्ध्या तासभर ट्यूबलाइटखाली ठेवा. दोन्हींचं तापमान सारखं हवं. मग सगळ्याच अंधारात, ३७ अंशांवर २४ तास.

आणि अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं.