कुलूपबंद कपाटातले औषध आणि तालुक्याचे गाव

अमळनेरला माझे औषधांचे दुकान आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा हा विकार असलेल्या मुलांना, आणि हल्ली मोठ्यांनाही, मिथाइलफेनिडेट हे औषध लिहून दिले जाते. ते मी ठेवत नाही. आमच्याकडे तालुक्याच्या गावी ते सहसा कोणीच ठेवत नाही. चिठ्ठी घेऊन आलेल्या पालकांना ‘नाही’ म्हटले की औषधावर बंदी आली असावी, असा त्यांचा समज होतो. बंदी मुळीच नाही, पण खान्देशातल्या माणसाला तिचा अनुभव मात्र जवळपास बंदीसारखाच येतो.

औषध नियम, १९४५ मधील परिशिष्ट एक्समध्ये, म्हणजे सर्वांत कडक बंधने असलेल्या औषधांच्या यादीत, हे औषध मोडते आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही त्याचे नाव आहे. त्याच्या किरकोळ विक्रीसाठी नेहमीचा परवाना चालत नाही, फॉर्म २०एफचा वेगळा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. माल केवळ त्यासाठीच राखलेल्या कपाटात कुलपाखाली ठेवायचा, गोळ्यांच्या आवक-जावकीची बांधीव नोंदवहीत नोंद करायची, चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची आणि तिची एक प्रत दोन वर्षे जपून ठेवायची. एवढी बंधने हवीतच, असे माझे मत आहे. झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे नशेसाठी मागणारे गिऱ्हाईक आम्ही काउंटरवर रोज ओळखतो. खरी अडचण व्यवहाराची आहे. अख्ख्या तालुक्यात या औषधाचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी परवाना, कपाट आणि नोंदवही सांभाळायची, स्टॉकिस्टकडून माल आणायचा आणि न खपलेल्या पट्ट्यांची एक्सपायरी स्वतःच्या अंगावर घ्यायची, हा हिशेब कोणत्याही लहान दुकानदाराला जुळत नाही.

मध्यंतरी चोपड्याकडचे एक गृहस्थ आले होते. मुलगा चौथीत. नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञांनी दहा मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी ब्रँडच्या नावानिशी लिहून दिली होती. जळगावच्या एका दुकानात औषध होते, पण ब्रँड वेगळा आणि गोळी वीस मिलिग्रॅमची. ‘भाऊ, अर्धी करून दिली तर?’ असे त्यांनी मला विचारले. हळूहळू विरघळणारी गोळी मोडली, तर तिचा दिवसभर पुरणारा अंश एकदम अंगात उतरू शकतो, म्हणून ती मोडायची नसते. शिवाय परिशिष्ट एच (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधे) आणि एक्समधील औषधांच्या बाबतीत, घटक तोच असला तरी, चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी दुसरा देण्याची मुभा दुकानदाराला नाही. चिठ्ठीची प्रतही एकच होती. त्या जळगावच्या दुकानात त्यांना आधी ‘कोणासाठी? नशेसाठी तर नाही ना?’ असे विचारले गेले होते आणि ते त्यांच्या मनाला फार लागले होते. पोराच्या औषधासाठी बापाने आधी स्वतःची साक्ष द्यावी, हे मला बरे वाटत नाही. संशय घ्यायचा तर चिठ्ठी नीट वाचून घ्यावा.

व्हिडिओवरून डॉक्टरांना दाखवून हा प्रश्न सुटत नाही, कारण २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार परिशिष्ट एक्समधील औषधे दूरवरून लिहून देता येत नाहीत. म्हणजे नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला डॉक्टरांसाठी एक खेप आणि औषधासाठी दुसरी. एक चिठ्ठी एकदाच चालते. डॉक्टरांनी पुन्हा देण्याची सूचना स्पष्ट लिहिलेली असेल तरच ती पुन्हा वापरता येते. काही डॉक्टर त्याऐवजी अॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचेच दुसरे औषध लिहून देतात. ते परिशिष्ट एक्समध्ये नाही, त्यामुळे मागवणे सोपे जाते. मात्र त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, तर मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो. मुलाला कोणते औषध योग्य, हे त्याच्या प्रकृतीवरून ठरावे. दुकानात काय मिळते यावरून ठरू लागले, तर ते उपचारांचे लक्षण नव्हे.

जळगाव आणि धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या औषध विभागांत या गोळ्या निरनिराळ्या मात्रांत कायम मिळू लागल्या, तर नफ्या-तोट्याचा प्रश्नच उरणार नाही. खासगी दुकानदारावर सक्ती करण्यापेक्षा मला हाच मार्ग पटतो. तोवर माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की डॉक्टरांसमोरून उठण्याआधी चिठ्ठीच्या सहीनिशी दोन प्रती मागून घ्या, एकूण किती गोळ्या ते लिहिले आहे का पाहा आणि बसमध्ये बसण्यापूर्वी दुकानाला फोन करून त्याच ब्रँडची, त्याच मात्रेची गोळी शिल्लक आहे ना, हे विचारा.