विंडोज होम आणि प्रोच्या घोळात गेलेले पाच दिवस

मेच्या वादळात सावद्याकडची आमची केळीची अर्धी बाग आडवी झाली आणि त्याच रात्री घरच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. पीकविम्याची कागदं, व्यापाऱ्याच्या काटापावत्या, सगळं त्यातच. भुसावळहून नवा बोर्ड बसवून आणला. हार्ड डिस्क शाबूत होती.

घरी येऊन चालू केला, तर उजव्या कोपऱ्यात राखाडी अक्षरं: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’, म्हणजे विंडोजला परवाना सापडत नव्हता. विंडोज तर मी पैसे मोजून, डब्यासकट विकत घेतलेलं! मेकॅनिकला फोन केला. "भाऊ, तीनशे द्या, क्रॅक मारून देतो." म्हणजे परवान्याला बगल द्यायला आधी अँटिव्हायरस बंद करायचा आणि कुणीतरी बनवलेली फाइल चालवायची. ज्या मशिनवर मी बँकेचे व्यवहार करतो, त्यावर? मी साफ नाही म्हटलं.

डिजिटल लायसन्सची, म्हणजे विंडोजच्या परवान्याची नोंद मुख्यतः मदरबोर्डवरून होते, म्हणून बोर्ड बदलला की विंडोजला ते मशीन नवं वाटतं. यावर सोय आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन, तिथे ट्रबलशूटर, आणि ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय. मी तो दाबला, मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन केलं. नाही झालं. पुन्हा केलं. नाही. डब्यातल्या कार्डावरची पंचवीस अक्षरी ‘प्रॉडक्ट की’ (परवान्याचा कोड) टाकली, तीही चालेना. आठाचा बी वाचला का म्हणून बॅटरीच्या उजेडात एकेक अक्षर तपासलं. चार संध्याकाळी यातच गेल्या. रोज वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

पाचव्या दिवशी सहज सिस्टीममधलं ‘अबाउट’ उघडलं. एडिशन, म्हणजे विंडोजचा प्रकार: प्रो. माझ्या कार्डावर: होम. मेकॅनिकने मला न विचारता पेनड्राइव्हमधलं प्रो टाकलं होतं. होमचं लायसन्स प्रोला लागूच होत नाही! याचा राग मला अजून आहे. दुरुस्तीला देताना एडिशन कागदावर लिहून द्या.

प्रोवरून मागे होमवर थेट येता येत नाही. डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला, होम नव्याने टाकलं, पुन्हा ट्रबलशूटर. खात्यातल्या यादीतलं जुन्या मशिनचं नाव निवडलं, ‘सध्या हेच वापरतोय’ यावर खूण केली, आणि दोन मिनिटांत ॲक्टिव्हेट झालं. चार दिवसांचा ताण एकदम उतरला.

हे जमलं कारण बोर्ड जळण्याआधीच लायसन्स माझ्या खात्याला जोडलेलं होतं. तुमचं नसेल तर मशीन चालू आहे तोवर आजच जोडा. आणखी एक: कंपनीच्या तयार मशिनसोबत येणारं लायसन्स (त्याला ओईएम म्हणतात) सहसा त्याच बोर्डापुरतं असतं. माझं दुकानातून वेगळं घेतलेलं, म्हणजे रिटेल होतं, म्हणून नव्या बोर्डावर आलं.

ते कार्ड आता सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवलंय.