‘घाबरवायला केलं’ असं म्हणू नका

‘तिला मरायचं नव्हतंच, घरच्यांना घाबरवायचं होतं.’ आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या बाईबद्दल हे वाक्य सर्रास कानावर पडतं. ते चुकीचं आहे आणि धोक्याचंही. आधी झालेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत ठळक खूण असते.

बहुतेक देशांत प्रयत्न बायका जास्त करतात, मृत्यू पुरुषांचे जास्त होतात. भारतात 2022 साली नोंदलेल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी 1,22,724 पुरुषांच्या. पण हाताशी काय होतं, दारू चढली होती का, शेजारी कुणी होतं का, दवाखाना किती लांब, यावरही जीव वाचणं अवलंबून असतं. मरणाची इच्छा किती ‘खरी’ होती, हे जीव वाचला की नाही यावरून मोजू नये. शिवाय बायकांचे मृत्यूही थोडे नाहीत: 2016 साली जगभरात आत्महत्येने गेलेल्या बायकांपैकी सुमारे 37 टक्के भारतातल्या होत्या. गोव्यातल्या बायकांच्या अभ्यासात आत्महत्येच्या प्रयत्नांमागे नैराश्यासारखे आजार आणि सोसलेली हिंसा, ही कारणं पुढे आली.

पुरुष आरोग्य केंद्रात येतो तो झोप लागत नाही, पित्त होतं, अंग दुखतं असं सांगत. रडू येतं हे सांगत नाही. संध्याकाळी तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसतो. दारूने उदासी वाढते आणि मनातला विचार हातून घडायला वेळ लागत नाही. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांशी फार तर 4 भेटी. तेवढ्यानंही नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त पुरुषांची दारू सुटली. दारूबद्दल विचाराल तेव्हा जगण्याबद्दलही विचारा.

सरळ विचारा: ‘मरून जावंसं वाटतं का? काही ठरवलंय का?’ विचारल्याने डोक्यात खूळ शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या रात्री माणसाला एकटं सोडू नका. कुळागरातलं (बागायतीतलं) कीटकनाशक कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्या आठवड्यापुरत्याच आणा. 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी दिवसरात्र फुकट बोलता येतं; गोव्यात बांबोळीला मनोरुग्णालय आहे.

पोलिसांच्या भीतीने घरचे ‘चुकून झालं’ सांगतात. मग शरीरावर उपचार होतात आणि मनाची तपासणी न होताच माणूस घरी येतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचाराचा हक्क दिला आहे. डॉक्टरांना खरं सांगा, आणि डिस्चार्जच्या कागदावर मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची तारीख लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात.